पडद्याखालची फळी

माझं शिक्षण चौथी. पाचवीच्या वर्गात काही दिवस बसलो होतो, पण ते धरत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या अंकाच्या संपादकांनी मला "आपल्या भाषांतराच्या कामाविषयी लिहा" असं सांगितलंय, आणि वाचणाऱ्याला वाटायचं, कुणीतरी चष्मेवाला पंडित लिहितोय. चष्मा आहे. पण तो पुस्तकं वाचून लागलेला नाही, काजळीवर अक्षरं कोरून लागलाय.

आता टीव्हीवर खाली अक्षरं धावतात. नातू म्हणतो, आजोबा, याला सबटायटल म्हणतात. मी म्हटलं, म्हणू देत. आम्ही काच म्हणायचो.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं टॉकीज होतं. आमचं म्हणजे मालकांचं, पण मालक सोडून आम्ही सगळेच त्याला आमचं म्हणायचो. आता तिथं मंगल कार्यालय आहे. मी तिथं काचा करायला होतो. खेळ सुरू व्हायच्या आधी पडद्यावर "शांतता राखा", "कोपऱ्यात थुंकू नये", सायकल दुकानाची जाहिरात, असं यायचं, ते माझं काम. तळहाताएवढी काच घ्यायची, तिला डिंकात कालवलेली काजळी फासायची आणि वाळली की दाभणानं अक्षर कोरायचं. कोरलेल्या जागेतून उजेड जातो, म्हणून काळ्यावर पांढरं दिसतं. सगळं गुपित एवढंच. मात्र हात थरथरला की ते थरथरणं पडद्यावर हत्तीएवढं होतं.

सत्तरच्या आसपासची गोष्ट असेल. नवे हिंदी सिनेमे मोठी थेटरं उचलायची, त्यामुळं मालकांनी रविवारी सकाळच्या खेळाला हुबळीकडून कानडी सिनेमे आणायला सुरुवात केली. कोल्हापुरात कानडी समजणारी माणसं भरपूर, न समजणारी त्याहून जास्त. पहिल्या रविवारी न समजणारे समजणाऱ्यांना विचारू लागले, "काय म्हणाली ओ ती?" समजणारे सांगू लागले, तोवर पुढचं बोलणं निघून गेलं, मग समजणारेही न समजणाऱ्यांत जमा झाले. इंटरव्हलला मारामारी झाली. मालकांनी मला बोलावलं. माझी आई संकेश्वरकडची, आम्ही तिला अव्वाच म्हणायचो, हे त्यांना ठाऊक होतं.

"श्रीपती, तुला कानडी येतं न्हवं?"

"येतंय."

"मग ती काय बोलत्यात ते काचंवर लिही आणि दाखव."

माझी नेमणूक ती एवढीच. पडद्याच्या खाली दीड हात रुंदीची लांब फळी ठोकली, तिला पांढरा रंग दिला. केबिनमध्ये सिनेमाच्या मशिनीशेजारी माझा स्लाईडचा कंदील, त्याचा उजेड बरोबर त्या फळीवर पडायचा. त्याला दोन घरांची लाकडी चौकट असायची. एक काच उजेडात, दुसरी बाहेर. बाहेरची बदलायची आणि बोलणं आलं की चौकट सरकवायची. सरकवण्यात सगळी कला आहे. आधी सरकवली तर पात्राच्या तोंडातला घास आपण काढून घेतल्यासारखं होतं. उशिरा सरकवली तर लोक आपल्याला शिव्या देतात, पात्राला नाही.

पहिल्या सिनेमाला मी सगळं लिहिलं. जे बोलले ते, जसं बोलले तसं. हिरॉईन विष पिऊन मेली, तिच्या भावानं तिला अग्नी दिला, तरी फळीवर तिचं वाक्य चालूच होतं. पिटातून, म्हणजे पुढच्या स्वस्त जागेतून, एकजण म्हणाला, "मेल्यावर लई बोलतीया." अख्खं थेटर चितेसमोर हसलं. त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही. नंतर मात्र माझी लेखणी, म्हणजे दाभण, आखूड झाली.

डोळ्याला दिसतंय ते लिहायचं नाही, हे मी ठरवलं. माणूस रडत असेल आणि "मी रडतोय" म्हणत असेल, तर काच वाया. दाराशी उभा असेल तर "मी आलो" लिहायचं कारण नाही. एका सिनेमात कोर्टात आरोपी रीळभर बोलतो. लहानपण, आई, गरिबी, जमीन, सावकार, देव. मी ते रीळ ऑपरेटरकडून पुन्हा पुन्हा लावून घेतलं. शेवटी काच केली: "मी मारलं. पुन्हा मारीन." टाळ्या पडल्या. हातकणंगल्याहून एक कानडी पावणं दर रविवारी रेल्वेनं यायचे, ते खेळ सुटल्यावर केबिनखाली उभे राहिले. म्हणाले, "आमची भाषा येवडी बारीक न्हाय ओ." मी म्हटलं, तुम्हाला कानडी कळतंय, तुम्ही काच बघू नका. ते म्हणाले, डोळा जातोय, काय करू. पुढच्या रविवारपासून ते खांबामागं बसायला लागले. खांबामुळं फळी दिसायची नाही. पडदाही निम्माच दिसायचा. पण माणूस समाधानी होता.

दुसरा माझा हट्ट असा, की जे कुणी बोललंच नाही ते काचेवर येणार नाही. खूप जणांनी सांगितलं, इथं एखादा विनोद टाक, तिथं एखादी शिवी टाक. टाकली नाही. मी कोरणारा माणूस, बोलणारा नाही.

आता आमच्या थेटराची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पिटात वाचता येणारी माणसं थोडी. मग ज्याला वाचता येतं तो आपल्या ओळीसाठी मोठ्यानं वाचायचा. बायकांच्या बाजूलाही तसंच, शेजारीण म्हणायची, "वाच की गं, थांबलीस का?" काच सरकली की सगळं थेटर मिळून एकदम बोलायचं, शाळेतल्या पाढ्यासारखं. नवीन माणूस दचकायचा. मला मात्र त्याचा धडा मिळाला. वाक्य डोळ्याला बरं दिसून भागत नाही, ते तोंडात बसलं पाहिजे. "तुझ्याविना जगणे अशक्य आहे" असं एकदा लिहिलं, तर पिटातले सगळे 'अशक्य'पाशी अडखळले. पुढं तसं कुणी म्हणालं की मी "तू न्हाईस तर मी न्हाई" लिहायचो. एका दमात जायचं. एक एसटीचा कंडक्टर होता, तो मात्र काचेवर नसलेलंही वाचायचा. हिरो "थांब" म्हणाला की हा "थांब, पुढं जागा हाय" म्हणायचा. त्याला मी दोनदा बाहेर काढायला लावलं.

दौलू मिस्त्री या सगळ्यांत वेगळा. तो पहिल्याच ओळीत, मधल्या खुर्चीवर बसायचा आणि लोकांच्या आधी हसायचा. मला वाटलं, कानडी असेल. चौकशी केली तर कळलं, बहिरा आहे. उद्यमनगरात घणाच्या मशिनीवर आयुष्य गेलं, कान त्या मशिनीनं नेले. लोक शेजाऱ्याचं ऐकेपर्यंत याचं वाचून व्हायचं, म्हणून हसू आधी. शिकला माझ्याइतकाच असेल, पण वाचण्यात पक्का.

आमची ओळख झाली. तो बोलायचा, फार मोठ्यानं. बहिरी माणसं बोलतात तसं. मी केबिनच्या भिंतीवर खडूनं लिहून उत्तर द्यायचो. माझी सवय आखूड लिहायची, त्याची सवय लांब बोलायची, त्यामुळं मैत्री बरी चालली.

एक दिवस त्यानं विचारलं, "मराठी शिनेमाला काचा का लावत न्हाईस?"

मी लिहिलं: "सगळ्यांना कळतंय."

त्यानं भिंतीवरच्या 'सगळ्यांना'वर बोट ठेवलं. मग म्हणाला, "मी सगळ्यांत न्हाय व्हय?"

मी 'सगळ्यांना' पुसून टाकलं.

मग त्यानं आपली गोष्ट सांगितली. पूर्वी कोल्हापुरातच एका मराठी सिनेमाचं शूटिंग होतं, बाहेर नदीकाठी. नाव सांगत नाही. बनवणारे गेले, त्यांची मुलं आहेत. दौलू तिथं बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवून द्यायला गेला होता. त्याचा चेहरा बघून त्याला उभा केला आणि एक वाक्य दिलं. वादळी रात्र आहे, पाटील घोड्यावरून निघालाय, वाटेवर एक माणूस कंदील वर धरून म्हणतो, "पाटील, रात्रीची वाट हाय, कंदील घिऊन जावा, पुलाला पाणी चढलंय." पाटील ऐकत नाही, जातो, बुडतो, आणि पुढचा सिनेमा त्याच्या बायकोचा. शूटिंग झालं तेव्हा दौलूचे कान शाबूत होते. सिनेमा लागेपर्यंत गेले. त्यानं स्वतःला पडद्यावर बघितलं होतं, ऐकलं नव्हतं. तोच सिनेमा आता आमच्याकडं मॅटिनीला येणार होता.

"माझं वाक्य मला एकदा बघायचं हाय," तो म्हणाला. "ऐकायचं तर ऱ्हायलंच."

मी भिंतीवर लिहिलं: "करतो."

दोन दिवसांनी त्याची बायको आली. सगुणावयनी, शांत बाई. जिन्याच्या खालच्या पायरीवरच उभ्या राहिल्या.

"भावजी, ते काम घिऊ नका."

मी म्हटलं, शब्द दिलाय.

"त्यात आवाज न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्यांचं तोंड हलतंय, वर नुसती वाजंत्री हाय. नंतर आवाज भरताना ह्यास्नी कुणी बोलावलंच न्हाय. ह्यास्नी म्हाईत न्हाय ते. पेठंत सगळ्यांस्नी म्हाईत हाय. पोरं मागनं पाटलाचा मुका माणूस म्हणत्यात. ह्यास्नी ऐकू येत न्हाय, तेवढं बरं हाय."

त्या पुढं म्हणाल्या, "सगळ्यांच्या काचा येतील आणि ह्यांचीच येणार न्हाय. मग?"

बाई बरोबर बोलत होती. पण मीही शब्द फिरवणारा नव्हे. शिवाय जे बोललं गेलं नाही ते कोरायचं नाही, हाही शब्दच होता, स्वतःला दिलेला. दोन शब्दांच्या मधे मी अडकलो.

प्रिंट आली तशी मी ऑपरेटरला ते रीळ लावायला सांगितलं. खरंच, ढोल, सनई, विजांचा कडकडाट, आणि दौलूचं तोंड. मी आवाज बंद करायला लावला आणि नुसतं बघितलं. मशीन घरघरतंय आणि तो पावसात उभा, कंदील वर, मान जरा खाली. तोंड नीट उघडतोय, एकेक शब्द सुटा. 'पाटील' म्हणताना ओठ मिटले. 'पुलाला' म्हणताना पुन्हा मिटले. माणूस बोललाय. मशिनीनं ऐकलं नाही, ही मशिनीची गोष्ट. माझं काम, बोललेलं कोरायचं. माझा हट्ट मोडत नव्हता. मी त्यांच्या दाराशी जाऊन वयनींना तेवढंच सांगून आलो. त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही ऐकणार न्हाईच म्हणा."

मालक वेगळेच चिडले. मराठी सिनेमाला मराठी अक्षरं म्हणजे गिऱ्हाइकाला बहिरा म्हटल्यासारखं आहे, म्हणाले. मी म्हटलं, कानडीला लावतो तेव्हा अडाणी म्हटल्यासारखं होत नाही का? शेवटी एका खेळाची परवानगी मिळाली, सोमवारच्या मॅटिनीची. जास्त वेळा हे नाटक चालणार नाही, म्हणाले.

मग भांडण झालं ते माझं आणि दौलूचं. फळीवर दोन ओळी मावतात, त्याही छोट्या. पडद्यावर त्याचा चेहरा दिसतो पानाला चुना लावावा एवढा वेळ. तेवढ्या वेळात पिटानं वाचून, बोलून संपवलं पाहिजे. मी भिंतीवर लिहिलं: "पुलाला पाणी हाय. जाऊ नका."

दौलू लाल झाला. "मी 'जाऊ नका' म्हटलोच न्हाय."

मी लिहिलं: "अर्थ तोच."

"अर्थ तोच कसा? तो पाटील हाय. मी चाकाची धाव ठोकणारा माणूस. मी पाटलाला जाऊ नका म्हणीन व्हय? मी म्हटलं, कंदील घ्या. शाण्या माणसाला त्यात कळतंय."

हे मला सुचलं नव्हतं. आमच्याकडं मोठ्या माणसाला कुणी अडवत नाही. त्याला छत्री देतात, कंदील देतात, थोडं बसा, चहा घ्या म्हणतात. अडवणं त्यातच असतं. मी पुसलं. पुन्हा लिहिलं: "पाटील, कंदील घ्या. पुलाला पाणी हाय."

"आणि रात्रीची वाट?"

"रात्र दिसतीय," मी लिहिलं.

"दिसू दे की. मी म्हटलोय."

"दिसतं ते लिहीत नाही."

तो निघून गेला. जिना उतरताना जे बोलला ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. मी काच तशीच कोरली.

सोमवारी बरी गर्दी होती. पहिली काच आली तेव्हा लोक चक्रावले. एकजण ओरडला, "आमास्नी काय बहिरं समजलाय काय?" पण रविवारची सवय जात नाही. थोड्या वेळानं ओळीओळीतून वाचन सुरू झालं. पडद्यावर एकदा ऐकायचं, शेजाऱ्याकडून पुन्हा ऐकायचं. एक म्हातारी म्हणाली, प्रिंट खरखरते म्हणून मागच्या खेपेला काहीच कळलं नव्हतं, आता कळतंय. बहिरेपणाचा मुद्दा तिथं मिटला.

वादळाचं रीळ लागलं. माझा हात चौकटीवर होता. खाली पहिल्या ओळीत दौलूचं टक्कल दिसत होतं, पलीकडं बायकांच्या बाजूला वयनींचा पदर. घोडा आला. कंदील वर गेला. ढोल सुरू झाले, आणि त्याचं तोंड उघडलं तशी मी काच सरकवली.

अख्खं थेटर बोललं, "पाटील, कंदील घ्या. पुलाला पाणी हाय."

दौलूनं फळी वाचली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो खुर्चीत मागं वळला. तेव्हा सगळ्यांची तोंडं हलत होती, काहींची जरा मागं पडून अजून 'पाणी हाय' वर होती. तो बघत राहिला.

पडद्यावर पाटलानं टाच मारली आणि कंदील न घेता गेला. पिटातून आवाज आला, "सांगितलं की त्यानं. मग गेलं कशाला येडं?" आजवर लोकांना वाटायचं, पाटलाला पुराचं माहीत नव्हतं. तो बुडाला की बायका रडायच्या. त्या दिवशी कुणी रडलं नाही. पाटलालाच शिव्या बसल्या. ऑपरेटर म्हणाला, "श्रीपा, तू शिनेमा बदललास." मी म्हटलं, सिनेमा असाच होता.

खेळ सुटल्यावर दौलू वर आला. धापा टाकत होता. मला दंडाला धरून म्हणाला, "बघितलंस? लोकांस्नी माझं वाक्य पाठ हाय. इतक्या वर्सांनी."

पिट काच मोठ्यानं वाचतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. माझ्या हातात खडू होता. मी भिंतीवर लिहिलं: "व्हय."

यापेक्षा आखूड मी कधी लिहिलं नाही. तो जिन्यापर्यंत गेला आणि परत फिरला. "पण रात्रीची वाट खाल्लीस ती खाल्लीसच," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मॅटिनीला काचा नव्हत्या. मालकांनी माझ्या स्लाईडच्या कंदिलाची वायरच काढून ठेवली होती. माझ्यावर विश्वास नव्हता. दौलू आणि वयनी पुन्हा आले. मला काही काम नव्हतं, पण त्या रिळाच्या वेळी मी केबिनच्या झरोक्याशी जाऊन उभा राहिलो. खाली कालची बरीच तोंडं दिसत होती. आमच्याकडं एक सिनेमा एकदाच बघत नाहीत.

घोडा आला, कंदील वर गेला, ढोल वाजले. फळी कोरी. दौलू या वेळी पडद्याकडं बघतच नव्हता. तो आधीपासूनच खुर्चीत मागं वळून बसला होता.

आणि पिट बोललं. काच नाही, काही नाही. "पाटील, कंदील घ्या. पुलाला पाणी हाय." काही हसत बोलले, काही नुसतं सवयीनं. कालच्या खेळाला नसलेले विचारू लागले, हे काय? तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एकटा आवाज आला, जरा मागं पडलेला, पण स्वच्छ.

"रात्रीची वाट हाय."

सगुणावयनी उभ्या राहून बोलत होत्या. घरात किती वर्षं ते वाक्य त्यांनी ऐकलं असेल, अख्खं. दौलूची मान त्यांच्याकडं वळलेली होती. मग त्या खाली बसल्या आणि पदर नीट केला. पडद्यावरचा पाटील पुढं निघून गेला होता.

ती काच माझ्याकडं आहे. बाकीच्या धुऊन पुन्हा वापरल्या, ही ठेवली. परवा लिहायला बसायच्या आधी काढून उजेडात धरली. दुसऱ्या ओळीखाली बोटभर काळी जागा तशीच आहे. दोन शब्द सहज मावले असते. दाभणही आहे, आणि हात अजून इतका वाईट थरथरत नाही. पण कोरणार नाही. ते वाक्य वयनींनी म्हटलंय, ते त्यांचंच राहू दे.